त्या बीपीच्या गोळ्या नव्हत्या

पोस्ट मोठी आहे. नेहमीसारखी रस्त्याची, नळयोजनेची किंवा पीकविम्याची नाही. आता वेळ नसेल तर ठेवून द्या, रात्री निवांत वाचा.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवार, आमच्याकडं बाजाराचा दिवस. बसस्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. माझा एक जुना विद्यार्थी आला. (ओळख पटू नये म्हणून दोन-तीन तपशील मुद्दाम बदललेत, ओळखायच्या फंदात पडू नका.) इकडचं तिकडचं बोलणं झालं, सोयाबीनचा भाव झाला, आणि मग तो कपाकडं बघत म्हणाला, "सर, एक विचारू का? राग नका मानू. तुम्ही मधात त्या डोक्याच्या गोळ्या घेत होते म्हणते लोकं. खरं हाय का?"

टपरीवर आणखी पाच-सहा जण होते. दोन पालक होते. मी हसलो आणि म्हणालो, "नाही रे बाप्पा. बीपीच्या होत्या त्या."

"हो का," म्हणाला. थोडा वेळ गप्प बसला. दोघांच्या चहाचे पैसे त्यानंच दिले. जाताना मी म्हटलं, "घरी ये एकदा निवांत." तो म्हणाला, "येतो ना सर."

आला नाही. दहा दिवसांनी तो गेला. कसा गेला ते मी लिहिणार नाही, आणि कृपा करून कमेंटमध्येही कोणी विचारू नये, लिहू नये.

तेरवीच्या पंगतीत माझ्या उजव्या-डाव्या हाताला जे बोलणं चाललं होतं ते तुम्ही सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या तेरवीत ऐकलं असेल. "काय कमी होतं त्याले?" "ओलिताचं वावर, पक्कं घर, बायको शिकेल." "पोराच्या तोंडाकडं तरी पाहाचं होतं." आणि मग एक काका म्हणाले, "एक शबद तरी बोलाचा होता बा कोणाजवळ."

तो बोलला होता. माझ्याजवळ. एवढ्या मोठ्या गावात त्यानं बरोबर माणूस शोधला होता, आणि त्या माणसानं त्याला बीपी सांगितलं.

माझ्या एका वाक्यामुळं तो गेला असं मी म्हणत नाही. कोणी जातं त्यामागं एकच कारण कधीच नसतं, हे मला माझ्या डॉक्टरांनी पुन्हा एकदा फोनवर समजावून सांगितलं. पण ते वाक्य खोटं होतं. म्हणून आज सगळ्यांसमोर दुरुस्त करतो. त्या बीपीच्या गोळ्या नव्हत्या. मला डिप्रेशन होतं. २०१८ च्या पावसाळ्यापासून पुढं जवळजवळ दोन वर्षं.

आता ते काय असतं ते सांगतो, कारण नावावरून काही कळत नाही. आपण 'नैराश्य' म्हणतो, म्हणजे वाटतं माणूस रडत बसत असेल. मी एकदाही रडलो नाही. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं. मला पहिल्यांदा झाली ती पाठदुखी. मग पोटात गोळा. मग पहाटे पावणेचारला जाग, रोज, अलार्म लावल्यासारखी, आणि एकदा जाग आली की छातीवर कोणीतरी पोतं ठेवलंय असं. जेवणाची चव गेली. आमच्याकडं पुरणपोळी म्हणजे माझा जीव, त्या पोळ्याच्या सणाला मी अर्धी पोळी खाऊन उठलो तेव्हा बायकोला पहिला संशय आला.

आणि राग. हे पुरुषांच्या बाबतीत फार होतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मी वर्गात खडू फेकून मारायला लागलो. घरी टीव्हीचा आवाज जास्त झाला म्हणून रिमोट आपटला. लोक म्हणायचे, सरांचं टाळकं सटकलंय. बरोबरच होतं.

सगळ्यात वाईट दिवस कोणता, तर आठवीच्या वर्गात त्रिकोणाच्या बाह्यकोनाचं प्रमेय शिकवत होतो. वीस वर्षं शिकवलेलं. फळ्यासमोर उभा राहिलो आणि पुढची ओळ आठवेना. मागं चाळीस पोरं. मी "पाणी पिऊन येतो" म्हणून बाहेर आलो आणि स्टाफरूममध्ये न जाता सायकलस्टँडमागं जाऊन बसलो. तास संपेपर्यंत.

पाच महिने मी चुकीच्या दारात उभा होतो. ईसीजी झाला, सोनोग्राफी झाली, अमरावतीला पोटाच्या डॉक्टरांना दाखवलं, पाठीचा एमआरआय झाला. अॅसिडिटीच्या गोळ्या, ताकदीची इंजेक्शनं, सलाईन. हिशेब ठेवायची सवय आहे म्हणून सांगतो, साडेअठरा हजार रुपये गेले आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर आनंद व्हायला पाहिजे, मला भीती वाटायची. म्हणजे मी नाटक करतोय की काय?

त्यात आई. आईच्या मते बाहेरचं होतं. "तुले नजर लागली बाप्पा," म्हणून एका ठिकाणी घेऊन गेली. मी विज्ञानाचा माणूस, शाळेत अंधश्रद्धेवर व्याख्यान देणारा, गेलो. याची आता लाज वाटत नाही. तिथं काय झालं ते महत्त्वाचं नाही. पण सत्तरी उलटलेली माझी आई एसटीत तीन तास माझा हात धरून बसली होती, आणि पाच महिन्यांत कोणी मला इतका वेळ हात लावला नव्हता. त्या रात्री मी पाच तास झोपलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पावणेचार. आजार तिथंच होता, पण आईनं जे दिलं ते खोटं नव्हतं. फक्त तेवढ्यानं भागणारं नव्हतं. तिथं जाऊन उपचार थांबवतात, पैसे उकळतात, माणसाला बांधून ठेवतात, त्या गोष्टीला मात्र माझा विरोध आहे आणि राहील.

शेवटी बायकोनं ठरवलं. तिची मावसबहीण नागपूरला नर्स आहे, तिला फोन केला. ती म्हणाली, आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. मी म्हणालो, मी काय वेडा झालो का? बायको म्हणाली, "वेडे नाही झाले, पण माणसातही नाही राहिले." पुढं वाद घातला नाही.

तिथं डॉक्टरांनी एक कागद दिला. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कशातच रस वाटला नाही, किती दिवस झोपेचा त्रास, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, असं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल. त्यावर माझा पेन थांबला. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि सरळ विचारलं, "जीव द्यावा असं वाटतं का? काही ठरवलंय का?" इतकं सरळ. जसं ताप किती दिवस आहे विचारावं. मी हो म्हणालो. बायको शेजारी होती. ती काही बोलली नाही, खुर्ची थोडी जवळ सरकवली.

आपल्याकडं समज आहे की असं विचारलं तर माणसाच्या डोक्यात ते घुसेल. उलट आहे. विचारल्यानं विचार पेरला जात नाही, हे अभ्यासांनीही सांगितलंय, आणि मी स्वतः सांगतो, त्या प्रश्नानं पाच महिन्यांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला.

त्याच संध्याकाळी भाऊजींनी (मोठ्या ताईचे यजमान) आमच्या घरातलं फवारणीचं सगळं औषध उचलून त्यांच्या गोदामात कुलपात नेऊन ठेवलं. का, ते कोणी बोललं नाही. शेतकऱ्याच्या घरात ही पहिली गोष्ट करायला पाहिजे. घरात माणूस खचलेला दिसला की विष घरात ठेवू नका. तो विचार पुष्कळदा वावटळीसारखा येतो आणि जातो, तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं पाहिजे.

आता कारणाचं बोलू. मला डॉक्टरांनी विचारलं, कशामुळं झालं असं वाटतं? मी म्हणालो, कर्ज. २०१७ मध्ये बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हा आपल्या सगळ्यांचंच जे झालं ते आमचंही झालं, आणि वर मी चुलतभावाला जामीन राहिलेलो. ते म्हणाले, आणखी? मग बाबा निघाले. बाबा २०१६ ला गेले होते. बोलता बोलता आठवलं की मी लहान असताना बाबा काही उन्हाळ्यांत दोन-दोन महिने बोलायचे नाहीत, खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून असायचे, आणि आजी म्हणायची, "त्याले ऊन बाधते." ऊन नव्हतं ते. मग रक्त तपासलं तर थायरॉइड निघालं, टीएसएच १४, आणि बी-१२ तळाला गेलेलं. थायरॉइड कमी पडलं की माणूस असाच सुस्त, उदास होतो. पाच महिने कोणी ती तपासणी केली नव्हती, पाठीचा एमआरआय मात्र केला होता.

म्हणजे कर्ज खरं, बाबा गेलेले खरं, रक्तातून आलेलं काहीतरी खरं, थायरॉइड खरं, रात्री दोनपर्यंत मोबाइल बघणं खरं. यातलं एकच धरून बसलं की घोळ होतो. सरकारी कागदात माणूस 'कर्जामुळं' गेला की नाही याची एका शब्दात पात्र-अपात्र अशी विल्हेवाट लागते. घरचे म्हणतात संशयी होता, बायकोशी पटत नव्हतं, दारू पीत होता. दारूचं तर उलटंसुलटं आहे, कितीतरी जण आधी खचतात आणि मग झोप यावी म्हणून प्यायला लागतात. आणि गाव शेवटी दारूच लक्षात ठेवतं.

गोळ्यांबद्दल खरं खरं सांगतो. नाव लिहीत नाही, उद्या कोणीतरी मेडिकलवर जाऊन तीच मागेल. पहिले आठ-दहा दिवस मला जास्त वाईट वाटलं. मळमळ, हात थरथरणं, अस्वस्थपणा. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की फरक पडायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत घरच्यांनी लक्ष ठेवा, काही वेगळं दिसलं की फोन करा. इथंच बहुतेक लोक सोडतात. चौथ्या दिवशी म्हणतात गोळीनं उलटंच झालं. बायकोनं कालनिर्णयवर रोज टिंब करायला सुरुवात केली होती, म्हणून मी टिकलो. तिसऱ्या आठवड्यात झोप आली. पाचव्या आठवड्यात एका सकाळी फोडणीचा वास आला. म्हणजे रोजच येत असणार, मला त्या दिवशी आला. मी ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो. बायकोनं विचारलं, "काय पाहिजे?" मी म्हणालो, "काही नाही."

मग मी शहाणपणा केला. एप्रिल २०१९ पर्यंत ठणठणीत वाटायला लागलं, म्हणून अखजीनंतर स्वतःच्या मनानं गोळ्या बंद. कोणाला न सांगता. चार दिवस डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, चक्कर. महिन्याभरात पुन्हा पावणेचार. त्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम सोडायच्या नसतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायच्या आणि मग हळूहळू कमी करायच्या, तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. मला दुसऱ्यांदा उठायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी २०२० च्या दिवाळीनंतर डॉक्टरांनीच कमी करत करत बंद केल्या. थायरॉइडची चालू आहे, ती बहुधा जन्मभर.

पण नुसत्या गोळीनं झालं का? नाही. आणि इथं मला त्या 'होलिस्टिक' शब्दाबद्दल बोलायचंय, कारण आजकाल फेसबुक उघडलं की सातशे नव्व्याण्णव रुपयांत एकवीस दिवसांत डिप्रेशनमुक्ती विकणारे दिसतात. सर्वांगीण उपचार म्हणे. त्यांच्या सर्वांगात डॉक्टर सोडून सगळं असतं. "केमिकल गोळ्या फेका, फक्त श्वास घ्या." योगाला माझा विरोध नाही, मी आजही प्राणायाम करतो. पण ज्या माणसाला खाटेवरून उठून बाथरूमला जायला अर्धा तास लागतो त्याला सूर्यनमस्कार सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळ म्हणणं आहे. हलक्या आजारात चालणं, व्यायाम, बोलणं यांनीच भागू शकतं. माझ्यासारखा खोल गेलेला असेल तर गोळी लागते. कोण कुठं आहे ते जाहिरातवाला ठरवू शकत नाही.

माझ्यासाठी 'सर्वांगीण' म्हणजे काय होतं? गोळी. थायरॉइडची दुसरी गोळी. दर पंधरा दिवसांनी एका समुपदेशक ताईंशी पाऊण तास. त्यांनी मला मोठं तत्त्वज्ञान सांगितलं नाही. एक वही दिली आणि म्हणाल्या, उद्या करायच्या फक्त दोन गोष्टी लिहा, इतक्या लहान की हसू येईल. पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'दाढी. अंगणातल्या तुळशीला पाणी.' दाढी झाली, पाणी राहिलं. त्या म्हणाल्या, छान, पन्नास टक्के. मन तयार होईल मग उठू, असं आपण समजतो. त्यांचं म्हणणं होतं, आधी उठा, मन मागून येईल, उशिरा येईल पण येईल. मग दूध आणायला चालत जाणं आलं. मग बुधवारच्या भजनात मागं बसून टाळ. मी गात नव्हतो, नुसता टाळ. तिथं कोणी विचारत नव्हतं की कसं वाटतंय, हे फार बरं होतं.

आणि भाऊजींची फाइल. हा उपचार कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. त्यांनी माझे सगळे कर्जाचे कागद, जामीनकीचे, सोसायटीचे, पतसंस्थेच्या नोटिसा, जे मी सहा महिने न उघडता कपाटात कोंबले होते, ते एका दुपारी जमिनीवर पसरले. प्रत्येक लिफाफा त्यांनी उघडला, मी फक्त समोर बसलो. सगळं मिळून जेवढं निघालं ते माझ्या डोक्यातल्या आकड्याच्या निम्मंही नव्हतं. ते स्वतः पतसंस्थेत जाऊन हप्ते पाडून आले. शाळेत एका सहकारी मॅडमनी दहावीचा माझा वर्ग त्या वर्षी स्वतःकडं घेतला आणि मुख्याध्यापकांना कारण सांगितलं, "सरांना पाठदुखी आहे." तेव्हा ते खोटंही उपचारच होतं. आता वाटतं, त्याच खोट्याची सवय मला टपरीवर नडली.

थोडं विषयांतर. त्या दिवसांत मी मोबाइलवर 'कासव' पाहिला, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २०१६ च्या चित्रपटांमध्ये राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ त्यालाच मिळालं. त्यातली बाई त्या खचलेल्या पोराला घरी आणते आणि प्रश्नांचा मारा करत नाही. मी तो तीन बैठकांत पाहिला, एकदम बघायची ताकद नव्हती. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी जरूर पाहा.

आता गावाचं बोलतो, कारण माझ्यामागं बायको होती, भाऊजी होते, नागपूरची मावसबहीण होती आणि दर महिन्याला पगार होता. त्या पोराकडं यातलं किती होतं?

आपल्या देशात २०१५-१६ मध्ये निम्हान्सनं बारा राज्यांत मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण केलं (आपलं राज्य त्यात नव्हतं). त्यात दर वीस प्रौढांमागं एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन आलेलं दिसलं, आणि असे आजार असलेल्या बहुतेकांना उपचार मिळतच नव्हते. वीसात एक. आपल्या गावच्या ग्रामसभेला जेवढी माणसं येतात त्यातले पाच-सहा तरी झाले.

आणि इलाज अवघड आहे असं नाही, हे आपल्याच जिल्ह्यानं दाखवलंय. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवलं, खचलेला माणूस ओळखायचा कसा, बोलायचं कसं, गरज असेल तर डॉक्टरकडं पाठवायचं कसं, आणि घरच्या सामाजिक-आर्थिक अडचणीही बघायच्या. दीड वर्षात, डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये लॅन्सेटच्या मानसोपचाराच्या नियतकालिकात ते छापून आलं. जग वाचतं, आपल्या तालुक्यात कोणाला माहीत नाही. गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत असंच केलं. मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या लोकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या, माझ्या त्या वहीसारख्याच पद्धतीनं. तीन महिन्यांनी त्यांच्याकडचे शंभरातले ६४ जण आजारातून बाहेर होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत ३९. हे बरेच खोल आजार असलेले लोक होते.

आपल्याकडं कागदावर सगळं आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे, त्यात उपचार मिळणं हा हक्क आहे. त्याच कायद्यात असं आहे की, ज्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, सरकारनं त्याची काळजी घ्यायची. हे मुद्दाम सांगतो, कारण गावात लोक पोलीस केसच्या भीतीनं असा माणूस दवाखान्यात न्यायला उशीर करतात. करू नका. आरोग्यविम्यातही मानसिक आजार शरीराच्या आजारासारखाच धरायचा असं त्या कायद्यात लिहिलंय.

आणि जमिनीवर? आपल्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातल्या दोन मंगळवारी मानसिक आरोग्याची ओपीडी, असा बोर्ड आहे. मी गेल्या महिन्यात दोन्ही मंगळवारी जाऊन बसलो. पहिल्या मंगळवारी डॉक्टर जिल्ह्याला मीटिंगला. दुसऱ्या मंगळवारी आले, चांगले होते, चाळीसेक पेशंट दोन तासांत बघितले. एका माणसाला तीन मिनिटं. औषध दोन आठवड्यांचं मिळालं, पुढचं "बाहेरून घ्या". शेजारच्या गावातली एक बाई सुनेला घेऊन तिसऱ्यांदा आली होती. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे हे खरं, पण दोघींची दिवसाची मजुरी बुडते त्याचं काय? आणि दोन आठवड्यांनी गोळी तुटली की काय होतं ते मी वर लिहिलंय. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, एक माणूस अख्खा जिल्हा पळतोय. आशाताईंना तर आपण लसीपासून सर्व्हेपर्यंत सगळं सांगतो, आता हेही फुकटात सांगायचं?

मी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, वर्षभरात किती ओपीडी झाल्या आणि औषधसाठा किती दिवस शून्य होता. उत्तर आलं की इथंच टाकतो. येत्या ग्रामसभेत ठराव मांडणार आहे की ओपीडी दर आठवड्याला व्हावी, महिन्याचं औषध एकदम मिळावं, आणि गावातल्या चार जणांना, एक बाई तरी त्यात पाहिजे, विश्रामसारखं प्रशिक्षण मिळावं. सरपंचांशी बोललो. ते म्हणाले, "सर, हा विषय ग्रामसभेत कसा वाटीन?" मी म्हणालो, गटारीचा विषय चालतो ना. ज्यांना यायचं त्यांनी या. हात वर करायला माणसं लागतील.

तोवर एक नंबर जपून ठेवा, १४४१६. टेलि-मानस. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी हे लिहायच्या आधी स्वतः लावून पाहिला. पहिल्यांदा थांबावं लागलं, मग एक मुलगी बोलली, घाई न करता बोलली. पण कोणी आत्ता या क्षणी जिवाचं बरंवाईट करायच्या बेतात वाटत असेल तर नंबर शोधत बसू नका, त्याला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या.

आणि कोणी तुमच्याजवळ बोललं तर, "तुले कायची कमी हाय" हे म्हणू नका. ते मला निदान पन्नास जणांनी म्हटलं असेल, दर वेळी मी स्वतःला आणखी नालायक समजलो, खरंच कमी काही नाही आणि तरी मी असा. "पॉझिटिव्ह राहा" हेही नको. काही सुचत नसेल तर शेजारी बसा.

ही पोस्ट टाकायच्या आधी बायकोला वाचायला दिली. मुलीला फोनवर वाचून दाखवली, तिच्या लग्नाचं बघतोय, लोक काय म्हणतील हा विचार माझ्याही मनात आला. मुलगी म्हणाली, "जो म्हणेल त्याच्या घरी मले द्याचंच नाही." बायकोनं एकच दुरुस्ती सांगितली. मी लिहिलं होतं खुर्ची जवळ सरकवली. ती म्हणाली, मी हात धरला होता तुमचा, तुम्हाला आठवत नाही. तसंच असेल. मला खरंच आठवत नाही, म्हणून वर बदललं नाही, इथं लिहितो.

त्या पोराच्या धाकट्या भावाला काल भेटलो. टपरीवरचं सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मलेही झोप नाही येत." आम्ही येत्या मंगळवारी सोबत चाललोय. इथले डॉक्टर भेटले नाही तर नागपूर.

बाकी कोणाला बोलायचं असेल तर दर रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ मी त्याच टपरीवर असतो. लोकांसमोर नको असेल तर मेसेज करा, कॅनॉलच्या रस्त्यानं चालत जाऊ.